भाग 14: कोरी गुंडाळी – कार्टून सिनेमापासून सिरपूरपर्यंत

 

मागचे काही भाग आपण किल्ले, घाट आणि लढाया यांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब आता नातवंडांबरोबर कार्टून बघायला लागले वाटतं. बरोबर आहे, बघतो. सुट्टीत नातवंडं आली की टीव्हीचा रिमोट त्यांच्या ताब्यात असतो. पण त्यातल्याच एका सिनेमातल्या एका वस्तूने मला इतिहासात बरंच लांब नेलं, आणि शेवटी आपल्याच छत्तीसगडात आणून सोडलं. तो प्रवास आज तुमच्यासमोर ठेवतो. मी पेशाने इतिहासकार नाही. पदवीपुरता इतिहास शिकलो आणि पुढची सगळी उमेद फौजेत गेली. पण फौजेत एक सवय लागते. कुठलाही रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा: हे कोणी पाहिलं, कोणी ऐकलं, आणि दुसरीकडून याला दुजोरा आहे का? आजही तेच करू.

सिनेमातली गुंडाळी

सिनेमा आहे 'कुंग फू पांडा', 2008 सालचा. मार्क ऑसबर्न आणि जॉन स्टीव्हन्सन या दोघांनी दिग्दर्शित केलेला. पो नावाचा एक गोलमटोल पांडा, नूडल्सच्या दुकानात काम करणारा. त्याचा बाप आहे एक बदक-हंस जातीचा पक्षी, म्हणजे पाळलेला बाप. डोंगरावर एक महाल, तिथे एक म्हातारं कासव गुरू आहे, आणि छताजवळ दगडी ड्रॅगनच्या तोंडात एक जुनी गुंडाळी ठेवलेली आहे. जो ती वाचेल त्याला अमर्याद शक्तीचं रहस्य कळेल, असा सगळ्यांचा समज. तुरुंगातून सुटलेला एक बिबट्या ती मिळवण्यासाठी गावावर चालून येतो. सगळी गोष्ट त्या एका गुंडाळीभोवती फिरते.

शेवटी गुंडाळी पोच्या हातात दिली जाते. तो उघडतो, तर आत काहीही नाही. कोरी. नुसता चकचकीत पृष्ठभाग आणि त्यात दिसणारा स्वतःचा चेहरा. गुरूलाही अर्थ लागत नाही. मग पोचा बाप आपल्या दुकानातल्या प्रसिद्ध सूपचं गुपित सांगतो: त्यात गुप्त मसाला काहीच नाही. तिथे पोच्या डोक्यात उजेड पडतो.

नातवाने मला विचारलं, "आजोबा, कोरा कागद कोण कशाला एवढा जपून ठेवेल?" प्रश्न रास्त होता. आणि त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की कोऱ्या गुंडाळीची ही कल्पना चिनी साहित्यात निदान सव्वाचारशे वर्षं जुनी आहे. सिनेमावाल्यांनी ती तिथूनच उचलली असा माझा दावा नाही. पण जुनी गोष्ट सिनेमापेक्षा जास्त रंगतदार आहे आणि तिचे धागे आपल्यापर्यंत येतात.

लाच दिली नाही, म्हणून कोऱ्या पोथ्या

चीनमध्ये 'पश्चिमेची यात्रा' नावाची एक मोठी कादंबरी आहे. तिची सर्वांत जुनी उपलब्ध छापील आवृत्ती 1592 सालची. परंपरेने ती वू चंगएन या लेखकाच्या नावावर आहे. एक बौद्ध भिक्षू धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघतो. त्याच्याबरोबर एक पराक्रमी, उचापती माकड, एक खादाड डुक्कर, एक नदीतला राक्षस आणि पांढरा घोडा. ते माकड म्हणजे सुन वुकाँग. जपानी उच्चारात सोन गोकू. घरातल्या पोरांना 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू माहीत असेल, त्याचं नाव या माकडावरूनच आलं. चीनची पहिली पूर्ण लांबीची ॲनिमेशन फिल्म 1941 साली वान बंधूंनी केली, 'राजकन्या लोखंडी पंखा', तीही याच कादंबरीतल्या एका प्रसंगावर. म्हणजे कार्टून सिनेमा आणि ही यात्रा यांची सोयरीक जुनी आहे.

तर कादंबरीच्या 98 व्या प्रकरणात ही मंडळी अखेर बुद्धाच्या दरबारी पोचतात. ग्रंथ देण्याचं काम आनंद आणि काश्यप या दोन शिष्यांकडे. ते विचारतात, आमच्यासाठी भेट काय आणली? भिक्षूकडे काही नसतं. शिष्य हसत हसत गुंडाळ्या देतात. वाटेत त्या उघडतात, तर सगळ्या कोऱ्या! एक अक्षर नाही. माकड ओळखतं, हे चहापाण्याचं प्रकरण आहे. सगळे परत फिरतात आणि थेट बुद्धाकडे तक्रार करतात.

बुद्ध हसतो. म्हणतो, मला ठाऊक आहे. ग्रंथ फुकट देऊ नयेत. आणि खरं सांगायचं तर कोऱ्या गुंडाळ्या हेच अक्षरांवाचूनचे खरे ग्रंथ आहेत. पण तुमच्याकडच्या लोकांना ते झेपणार नाही, तेव्हा अक्षरांचे घेऊन जा. दुसऱ्या वेळीही आनंद-काश्यप हात पुढे करतातच, आणि भिक्षूला राजाने दिलेलं सोन्याचं भिक्षापात्र द्यावं लागतं. मग 5,048 गुंडाळ्या मिळतात.

सरकारी कचेरीवरची यापेक्षा झणझणीत टीका मी तरी वाचलेली नाही. पण विनोदाच्या आत बौद्ध विचारातला शून्यतेचा धागा आहे. अक्षरं ही बोट दाखवणारी, चंद्र वेगळा. हा शून्यतेचा विचार ज्या आचार्याने मांडला त्याचं नाव नागार्जुन. हे नाव लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

खरा प्रवासी

कादंबरीतला भिक्षू काल्पनिक नाही. आपण शाळेत ज्याला ह्युएन त्संग म्हणून शिकलो, तोच हा. सातव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात, बादशहाची परवानगी नसताना, तो चीनमधून निघाला. वाळवंट, तिएनशान, गांधार, काश्मीर करत भारतात आला. नालंदात शीलभद्राकडे शिकला. जवळजवळ सगळा देश फिरला आणि 645 साली चांगआनला परतला. बरोबर वीस घोड्यांवर लादलेले 657 ग्रंथ होते, 520 गठ्ठ्यांमध्ये.

आता इथे जरा थांबू, कारण सिनेमातली गुंडाळी आणि खरी वस्तू यांत फरक आहे. ह्युएन त्संगाने भारतातून आणल्या त्या पोथ्या. आपल्याकडे ताडाच्या पानावर लिहायचे, उत्तरेत भूर्जाच्या सालीवर. ताडपत्र लांब आणि अरुंद. ते गुंडाळता येत नाही, मोडतं. म्हणून पानांना भोकं पाडून दोरी ओवायची, खाली-वर लाकडी फळ्या लावायच्या आणि कापडात बांधायचं. चीनमध्ये कागद होता. तिथे कागदाचे ताव एकापुढे एक चिकटवून लांब पट्टा करायचा, टोकाला दांडी लावायची आणि गुंडाळायचं. ह्युएन त्संगाने उरलेलं आयुष्य भाषांतरात घालवलं: 75 ग्रंथ, 1,335 गुंडाळ्या. चिनी भाषेत ग्रंथाच्या खंडाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच गुंडाळी. म्हणजे ज्ञान भारतातून पोथी होऊन गेलं आणि तिकडे गुंडाळी झालं. आज आपण अंगठ्याने मोबाइल 'स्क्रोल' करतो, तो इंग्रजी शब्दही गुंडाळीचाच.

अशा गुंडाळीचा सर्वांत नामांकित नमुना म्हणजे दुनहुआंगच्या गुहेतला 'वज्रच्छेदिका' सूत्राचा छापील ग्रंथ. त्यावर 868 सालची तारीख आहे. सात ताव चिकटवलेले, लांबी पाच मीटरहून जास्त. 1900 साली वांग नावाच्या एका ताओ साधूला ती बंद गुहा सापडली. 1907 साली ऑरेल स्टाइन तिथे पोचला. साधू काही दाखवायला तयार नव्हता. स्टाइनने त्याला सांगितलं, मी ह्युएन त्संगाचा भक्त, त्याच्याच वाटेने भारतातून आलोय. साधूही ह्युएन त्संगाला मानणारा. तिथे दार उघडलं. आणि ते ग्रंथ लंडनला गेले. एका भिक्षूचं नाव साडेबाराशे वर्षांनी किल्लीसारखं वापरलं गेलं. ते चांगलं झालं की वाईट, यावर चिनी अभ्यासक आजही संतापून बोलतात, आणि मला त्यांचा राग समजतो.

प्रवासवर्णन की टेहळणीचा अहवाल?

ह्युएन त्संग परतल्यावर बादशहा ताइझाँगने त्याला काय सांगितलं असेल? राज्यकारभारात ये. त्याने नकार दिला. मग बादशहा म्हणाला, निदान पश्चिमेकडच्या देशांची माहिती लिहून दे. 646 साली ते पुस्तक बारा गुंडाळ्यांमध्ये तयार झालं.

त्याची मांडणी बघा. प्रत्येक देशाचा घेर किती, राजधानीचा घेर किती, जमीन कशी, हवा कशी, पिकं कोणती, लोक स्वभावाने कसे, राजा कोण, सैन्य कसं, मग विहार किती आणि भिक्षू किती. मी नोकरीत असताना नव्या भागात गेलं की असाच तक्ता भरावा लागायचा. वाचणारा बादशहा आहे, त्याला मध्य आशियात फौजा हलवायच्या आहेत, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हा ग्रंथ धार्मिक असूनही इतका हिशेबी आहे.

त्या तक्त्याचा उपयोग हजार वर्षांनी भलत्याच माणसाने केला. अलेक्झांडर कनिंगहॅम, बंगाल इंजिनिअर्समधला अधिकारी, म्हणजे आमच्याच पेशातला. फ्रेंच विद्वान ज्यूलिअँ याने 1857-58 मध्ये या ग्रंथाचं भाषांतर छापलं. कनिंगहॅम ते हातात घेऊन उत्तर भारतभर फिरला. अमुक गावाहून ईशान्येला इतके 'ली' गेलं की स्तूप, असं वाचायचं, तिथे जायचं आणि टेकाड शोधायचं. प्राचीन भारताच्या नकाशाचा मोठा भाग असा भरला गेला.

कोसल: आपलं अंगण

आता घरी येऊ. साधारण 639 च्या सुमारास ह्युएन त्संग कलिंगाहून वायव्येला डोंगर-जंगल तुडवत कोसल देशात आला. हे अयोध्येचं कोसल नव्हे, दक्षिण कोसल, म्हणजे आजचा छत्तीसगड आणि ओडिशाचा लगतचा पट्टा. तो लिहितो: चारी बाजूंना डोंगर आणि रानं, जमीन सुपीक, गावं जवळजवळ, लोक उंच आणि काळेसावळे. राजा क्षत्रिय, बुद्धाला मानणारा. शंभरावर विहार आणि दहा हजारांच्या आसपास भिक्षू.

आणि मग नागार्जुन येतो. ह्युएन त्संग सांगतो की नागार्जुन याच देशात, राजधानीच्या दक्षिणेच्या एका जुन्या विहारात राहत होता. सिंहलाहून देव नावाचा तरुण विद्वान वादाला आला. नागार्जुनाने भेटण्याआधी आपलं भिक्षापात्र पाण्याने काठोकाठ भरलं आणि शिष्याच्या हाती बाहेर पाठवलं. देव काही बोलला नाही. त्याने पात्रात एक सुई टाकली. शिष्य गोंधळून परत आला. नागार्जुन खूश झाला. पाणी म्हणजे माझं ज्ञान, काठापर्यंत भरलेलं. त्याने दाखवलं की तो थेट तळापर्यंत जाईल. एकही अक्षर न लिहिता पत्र गेलं आणि उत्तरही आलं.

कोऱ्या गुंडाळीचा अर्थ नातवाला समजावायचा तर मी ही गोष्ट सांगतो. ती त्याला सिनेमापेक्षा लवकर कळली.

पुढे आणखी एक गोष्ट आहे. राजाने नागार्जुनासाठी दूरच्या एका डोंगरात पाच मजली विहार खोदवला. पैसे संपले तेव्हा नागार्जुनाने खडकांचं सोनं केलं. सर्वांत वरच्या मजल्यावर बुद्धवचनं आणि बोधिसत्त्वांचे सगळे ग्रंथ ठेवले. नंतर भिक्षूंमध्ये भांडणं लागली, गुंड घुसले, वाटा बुजवल्या गेल्या आणि आत जाण्याचं दार कुठे आहे हे कोणालाच माहीत राहिलं नाही. डोंगराच्या पोटात हरवलेलं ग्रंथालय! ॲनिमेशनवाल्यांना तयार पटकथा इथे पडलेली आहे, चीनला जायची गरज नाही.

सिरपूर: पुष्टी किती, अंदाज किती

भिलाईहून रायपूर, आरंग करत महानदीच्या काठी सिरपूर लागतं. रायपूरपासून साधारण ऐंशी किलोमीटर. विटांचं लक्ष्मण मंदिर तुम्ही पाहिलं असेल. तिथला प्रत्येक गाइड सांगतो की ह्युएन त्संग इथे राहिला होता. आता रिपोर्ट तपासायची आपली सवय वापरू.

पहिली गोष्ट, ह्युएन त्संग कोसलच्या राजधानीचं नाव देत नाही. कनिंगहॅमने ती चांदा, म्हणजे आपलं चंद्रपूर, असावी असं मांडलं. इतरांनी वेगळी ठिकाणं सुचवली. सिरपूर हे त्यांतलं एक.

दुसरी गोष्ट सिरपूरच्या बाजूने. 1953 ते 1956 दरम्यान डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या आपल्या मराठी पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं. आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने बांधलेला मोठा विहार निघाला, भूमिस्पर्श मुद्रेतली भव्य बुद्धमूर्ती निघाली, आणि शिलालेखातून राजाचं नाव कळलं: महाशिवगुप्त बालार्जुन. त्यानंतर 2000 च्या पुढे अरुणकुमार शर्मा यांनी आणखी विहार, मंदिरं आणि बाजारपेठेचे अवशेष उघडे केले. म्हणजे या भागात बौद्ध विहार भरभराटीला होते, याला जमिनीने साक्ष दिली.

तिसरी गोष्ट अडचणीची. बालार्जुन स्वतः शैव. त्याचे लेख त्याला महेश्वराचा परमभक्त म्हणतात. ह्युएन त्संगाने पाहिलेला राजा बुद्धभक्त. मग हा राजा तोच का? काही अभ्यासक म्हणतात, शैव राजाही विहारांना दान द्यायचा, पाहुण्याला तो बौद्ध वाटला असेल. काही म्हणतात, बालार्जुनाचा काळच थोडा मागे-पुढे आहे. त्याने निदान 57 वर्षं राज्य केलं हे त्याच्या लोधिया ताम्रपटावरून कळतं, पण त्याच्या गादीवर बसण्याचं साल कुठल्याच पटावर नाही, कारण तेव्हा राज्यवर्षं मोजत.

तेव्हा फौजी भाषेत निकाल असा: दक्षिण कोसलात आला, हे पक्कं. सिरपूर ही राजधानी, हे बरंच संभवनीय. अमुक विहारात झोपला, हे गाइडचं.

ताम्रपटांचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. छत्तीसगडच्या दमट हवेत आणि वाळवीत ताडपत्र टिकलं नाही. त्या शंभर विहारांतली एकही पोथी आपल्याकडे नाही. टिकलं ते तांबं. तीन पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीवर राजमुद्रा, आणि मजकूर जमिनीच्या दानाचा. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मध्य भारतातले असे लेख वाचण्यात आयुष्य घातलं. रतनपूरच्या कलचुरींचे लेख त्यांनी 1955 साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या संग्रहात आहेत. नांगराच्या फाळाला लागलेला एखादा पत्रा आणि नागपुरातला एक मराठी पंडित, यांच्या भेटीतून छत्तीसगडचा बराचसा जुना इतिहास उभा राहिला.

आणि महाराष्ट्र

कोसलानंतर आंध्र, द्रविड करत ह्युएन त्संग 641 च्या सुमारास महाराष्ट्रात पोचला. तिथल्या लोकांबद्दल तो जे लिहितो ते प्रत्येक मराठी शिपायाने वाचावं. उपकार केला तर कृतज्ञ, अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय न राहणारे. पण सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, मग दोघं चिलखत घालून भाला घेऊन समोरासमोर येतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, शरण आलेल्याला मारत नाहीत. लढाई हरलेल्या सेनापतीला शिक्षा देत नाहीत, बायकांचे कपडे देतात, आणि तो लाजेने स्वतःच जीव देतो. लढाईआधी निवडक वीर मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात.

इथला राजा पुलकेशी. उत्तरेचा सम्राट हर्ष सगळीकडे जिंकला, पण या लोकांना नमवू शकला नाही, असं तो स्पष्ट लिहितो. आता दुजोरा बघा. ऐहोळेचा रविकीर्तीचा शिलालेख 634 सालचा. तोही हर्षाच्या पराभवाचं सांगतो. एक दरबारी कवी, दुसरा परदेशी भिक्षू आणि तोही हर्षाचा पाहुणचार घेतलेला. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या. याला म्हणतात पक्की खबर.

तो राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या विहाराचंही वर्णन करतो आणि अचल नावाच्या अर्हताने तो बांधवला असं सांगतो. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचं नाव आहे. पुन्हा जुळलं.

सिंधूत गेलेलं ओझं

आता मला सर्वांत भिडणारा भाग. परतीच्या वाटेवर ह्युएन त्संगाने सिंधू ओलांडली. तो हत्तीवर, ग्रंथ नावेत. मध्येच वारा सुटला, लाटा उसळल्या, ग्रंथ सांभाळणारा माणूस पाण्यात पडला. त्याला वाचवलं, पण पोथ्यांचे पन्नास गठ्ठे आणि भारतातल्या फुलांचं बियाणं वाहून गेलं. पलीकडच्या काठावर कपिशाचा राजा आला होता. त्याने विचारलं, फुलांचं बियाणं होतं का बरोबर? मग बरोबर, ते नेणाऱ्याचं इथे असंच होतं.

कादंबरीकाराने हाच प्रसंग 99 व्या प्रकरणात घेतला आहे. तिथे एक म्हातारं कासव मंडळींना नदीत बुडवतं, ग्रंथ भिजतात, खडकावर वाळवताना एका ग्रंथाची शेवटची पानं खडकालाच चिकटून राहतात.

खऱ्या ह्युएन त्संगाने काय केलं? तो काठावर पन्नासेक दिवस थांबला. उद्यान देशात माणूस पाठवला आणि काही ग्रंथांची नक्कल करवून घेतली. बाकीचे राहिलेच. चीनला परतला, भाषांतरं चालू झाली, सन्मान झाले. 652 साली भारतातल्या जुन्या सहाध्यायांची पत्रं आणि पांढऱ्या कापडाची जोडी भेट म्हणून आली. 654 साली त्याने उत्तर लिहिलं. त्यात गुरू शीलभद्र गेल्याचं दुःख आहे, कोणकोणती भाषांतरं झाली त्याचा हिशेब आहे, आणि शेवटी एक साधी विनंती: सिंधू ओलांडताना ग्रंथांचं एक ओझं गेलं. त्यांची नावं खाली लिहून देतो. कोणी येणारा असेल तर पाठवा.

दहा वर्षं झाली होती. सहाशे सत्तावन्न ग्रंथ हाताशी होते, सगळे भाषांतरित करायला एक जन्म पुरणार नव्हता. तरी बुडालेल्यांची यादी त्याच्याकडे होती. फौजेत माणसं हरवल्यावर आम्ही नावनिशीवार यादी करतो आणि ती बंद करत नाही. मला ते पत्र वाचताना तेच आठवलं.

तुमच्या माळ्यावरचं भेंडोळं

आता हे सगळं तुम्हाला का सांगितलं, ते सांगतो.

बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरला आले आणि 1787 पर्यंत तिथे राहिले. त्यांनी बांधलेलं रामटेकरीचं मंदिर आजही उभं आहे. त्यांच्याबरोबर आणि नंतर अनेक मराठी कुटुंबं छत्तीसगडात आली: कारकून, पुरोहित, शिलेदार. पुढे पोलाद कारखाना आला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातून आणखी माणसं आली. या घरांमध्ये जुने कागद आहेत. मोडीतले हिशेब, सनदांच्या नकला, वतनाचे वाद, हातभर लांब जन्मपत्रिका. मराठेशाहीतले मोठे कागदही गुंडाळीचेच असत. एकाखाली एक बंद चिकटवून केलेली भेंडोळी, मग ती रुमालात बांधायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सेक्टरमधले एक स्नेही क्वार्टर रिकामं करून पुण्याला मुलाकडे जायला निघाले. सामान बांधताना पत्र्याच्या ट्रंकेतून अशी पाच-सहा भेंडोळी निघाली. वहिनी म्हणाल्या, "कोणाला वाचता येतंय? रद्दीवाला बाहेर उभाच आहे." मी म्हटलं, "वहिनी, कोणाला वाचता येत नाही म्हणून ती कोरी ठरत नाहीत. मला आजची रात्र द्या." रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर एकेक उलगडून मोबाइलवर फोटो काढले. तीन पत्रिका होत्या, दोन जमिनीच्या वाटणीचे कागद होते, आणि एकाला वाळवी इतकी लागली होती की उलगडताना निम्मा टेबलावरच राहिला. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून नंतर वाचून घेतलं. वाटणीच्या कागदात त्या घराण्यातल्या एका विधवा बाईंचं नाव निघालं, जिने दिरांशी भांडून आपला हिस्सा मिळवला होता. घरात कोणालाच तिच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. वहिनींनी ते नाव दोनदा वाचायला लावलं.

तेव्हा विनंती इतकीच. घरात असं काही असेल तर आधी यादी करा. कागद किती, लांबी किती, कोणाच्या ट्रंकेतून निघाले, कोणत्या गावचे. कोरड्या जागी ठेवा, सेलोटेप लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. आणि जे हरवलं असं घरातले म्हातारे सांगतात, त्याचीही नावं लिहा. काकांनी नेलेली पोथी, पुरात गेलेली वही, भांडणात फाडलेला कागद. मोडी शिकवणारे वर्ग पुण्या-मुंबईत चालतात, ऑनलाइनही चालतात. घरातल्या एका तरी पोराला त्यात बसवा.

सिरपूरला जाणार असाल तर थंडीत जा आणि सकाळी लवकर पोचा. आनंदप्रभाच्या विहारात बुद्धमूर्तीसमोर थोडा वेळ बसा. मुलांना पाण्याच्या पात्राची आणि सुईची गोष्ट तिथेच सांगा.

पुढच्या भागात रतनपूरचा किल्ला आणि 1741 साली भास्करपंतांची तिथली स्वारी यावर बोलू. तोवर नमस्कार. जय हिंद.